सार्वजनिक जमिनीवरील पुरातत्त्वीय स्थळे आणि कायदा : ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा), गधेगाळ (दान व शाप कोरलेल्या शिळा), जुने चौथरे आणि किल्ल्यांचे अवशेष यांच्या नोंदी करत गावोगाव फिरताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. यातील बहुतेक अवशेष सरकारी, पालिकेच्या, वन खात्याच्या किंवा सिडकोच्या जमिनीवर आहेत. खासगी जागेचा मालक निदान कुंपण तरी घालतो. सार्वजनिक जागेवरील वस्तूकडे मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण 'कोणीतरी बघत असेलच' अशा समजुतीने पाहतो आणि पुढे जातो. हा समज किती खरा आणि किती खोटा, हे पुढील उत्तरांवरून लक्षात येईल.

सार्वजनिक जमीन म्हणजे नेमकी कोणती आणि तिच्यावरील जुन्या वास्तूचा मालक कोण?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी जमीन कोणा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या मालकीची नाही, ती राज्य शासनाची मानली जाते. रस्ते, नद्या, नाले, तलाव आणि खाडीचे पात्र हे सर्व त्यात आले. व्यवहारात मात्र ही जमीन अनेक खात्यांच्या ताब्यात विभागलेली असते. गायरान आणि पड जमीन महसूल खात्याकडे, डोंगरावरील किल्ला वन खात्याकडे, तलाव महापालिकेकडे, रुळांलगतची पट्टी रेल्वेकडे आणि नवी मुंबईतील बरीचशी जमीन १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोकडे, अशी ही वाटणी आहे. ठाण्याचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये त्याचे काम सुरू केले, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला आणि आज त्याच तटबंदीच्या आत ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. याच जागी १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आली. इतकी स्मृती साठलेल्या जागेचा दैनंदिन कारभार तुरुंग प्रशासन पाहते, पुरातत्त्व खाते नव्हे.

तात्पर्य, जमीन सांभाळणारे खाते आणि वारसा सांभाळणारे खाते ही दोन वेगळी असतात. आपल्याला कोणाकडे जायचे, असा प्रश्न पडला तर उत्तर दोघांकडे असे आहे. एकाकडेच गेल्यास ते दुसऱ्याकडे बोट दाखवते, असा माझा अनुभव आहे.

या विषयावर कोणकोणते कायदे लागू होतात?

संविधानाचा अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्मारके, स्थळे व वस्तू यांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकतो आणि अनुच्छेद ५१क मधील खंड (च) आपला वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवतो. प्रत्यक्ष अंमलबजावणीचा मुख्य कायदा म्हणजे केंद्राचा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८. त्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. राज्याचा याच स्वरूपाचा कायदा १९६० चा आहे. जमिनीत दडलेली वस्तू सापडली तर निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो, तर मूर्ती, नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते अशा हलवता येणाऱ्या पुरावस्तूंसाठी पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ आहे. याखेरीज नगररचना कायदा, वन आणि वन्यजीव कायदे, किनारपट्टी नियमन आणि फौजदारी कायदा यांचाही प्रसंगानुसार संबंध येतो.

'केंद्र संरक्षित' आणि 'राज्य संरक्षित' स्मारक यांत काय फरक आहे?

राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून राजपत्रात जाहीर झालेले स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असते. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत. आपल्या जिल्ह्यातील सर्वांत ठळक उदाहरण अंबरनाथच्या शिवमंदिराचे. वालधुनी नदीच्या काठी उभ्या असलेल्या या मंदिरातील शिलालेखात शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. भिवंडी तालुक्यातील लोनाडचे लेणेही केंद्राच्या यादीत आहे. नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून दिसणारी घारापुरीची लेणी रायगड जिल्ह्यात मोडतात. तीही केंद्र संरक्षित आहेत आणि १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

राज्याच्या यादीतील स्मारके पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. 'राज्य संरक्षित' म्हणजे कमी महत्त्वाचे, असा अर्थ कृपया काढू नये. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतील राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे राज्य संरक्षितच आहेत.

आमच्या गावात आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा कोरीव दगड आहे. इतका जुना म्हणजे तो आपोआप संरक्षित झाला ना?

नाही. लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

केंद्रीय कायद्याने प्राचीन स्मारक म्हणण्यासाठी किमान १०० वर्षांची अट घातली आहे, परंतु १०० वर्षे पूर्ण होणे आणि संरक्षित होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षण मिळते ते राजपत्रातील अधिसूचनेने. ज्या स्थळाची अधिसूचना निघालेली नाही, त्याला १९५८ चा किंवा १९६० चा कायदा कवच देत नाही, मग ते स्थळ शिलाहारांचे असो की सातवाहनांचे. ठाणे जिल्ह्यातील बहुसंख्य वीरगळ आणि गधेगाळ याच उघड्या अवस्थेत आहेत.

गधेगाळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधारण कमरेएवढ्या उंचीची काळ्या बेसाल्टची शिळा असते. तिच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य, बहुधा मध्ये कलश, त्याखाली लेखाच्या ओळी आणि सर्वांत खाली गाढव व स्त्री यांचे शापदर्शक शिल्प असते. हे दान चंद्र-सूर्य असेतोवर टिको आणि जो ते मोडील त्याला हा शाप लागो, असा त्याचा अर्थ. म्हणजे गधेगाळ हा त्या काळचा जमिनीचा दस्तऐवजच आहे. शेत कोणाला दिले, सीमा कोणती, कर कोणता माफ केला, हे गावातल्या सर्वांना दिसावे म्हणून तो उघड्यावर रोवला जाई. त्यामुळे तो ज्या जागी उभा आहे ती जागा हा त्याच्या मजकुराचाच भाग असतो. दगड हलवला की लेख वाचता येतो, पण तो कोणत्या जमिनीविषयी बोलतो आहे हे कळेनासे होते.

घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेल्या एका गावठाणात असा एक दगड पिंपळाखाली होता. पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या कामात तो पंधरा-वीस पावले सरकवला गेला आणि 'नीट उभा राहावा' म्हणून सिमेंटमध्ये गाडला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा लेखाच्या शेवटच्या दोन ओळी सिमेंटखाली गेल्या होत्या आणि वरच्या चंद्रकोरीवर निळ्या ऑइलपेंटचा ओघळ होता. काम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. उलट दगड फेकून न देता आपण तो जपला, असेच त्यांना वाटत होते. संबंधित कार्यालयात तक्रार घेऊन गेल्यावर विचारण्यात आले, 'याची नोंद कुठे आहे?' आमच्याकडे एक छायाचित्र होते, पण त्यात मोजपट्टी नव्हती, आजूबाजूची ओळखीची खूण नव्हती, सर्व्हे नंबर तर नव्हताच. पूर्वी दगड नेमका कोठे होता, हे आम्हाला सिद्ध करता आले नाही. त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग आला होता. आज वाटते की प्रश्न बरोबर होता आणि तो आम्हीच स्वतःला आधी विचारायला हवा होता.

मग असंरक्षित वस्तूची कोणी मोडतोड केली किंवा ती पळवली, तर कायदा काहीच करू शकत नाही का?

करू शकतो, फक्त तो वेगळ्या दाराने येतो. वस्तू सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर असेल आणि ती सार्वजनिक मालमत्ता आहे हे दाखवता आले, तर सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ खाली जाणूनबुजून केलेल्या नुकसानीस पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चोरीच्या बाबतीत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ पाहावे. त्यात शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेच्या चोरीबरोबरच प्रार्थनास्थळातील मूर्तीची चोरी हा प्रकार स्वतंत्रपणे नमूद असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशी पाठवणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे अशी शिक्षा आहे. हस्तलिखितांसाठी हीच वयोमर्यादा ७५ वर्षांची आहे. अर्थात, चोरीला गेलेली मूर्ती नेमकी हीच, हे पोलिसांना पटवण्यासाठी मोजमापासह छायाचित्र लागते, म्हणजे येथेही गाडी नोंदीपाशीच येऊन थांबते.

इमारतीचा पाया, गटार किंवा तलावाचा गाळ काढताना मूर्ती, नाणी किंवा ताम्रपट सापडले, तर काय करावे?

काम त्या जागेपुरते थांबवावे आणि वस्तू शक्यतो हलवू नये. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने वस्तूचे स्वरूप आणि अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम १८७८ सालची आहे. आजच्या हिशेबाने जवळपास प्रत्येक वस्तू त्यात बसते. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागाल तेव्हा हजर करू असे तारण द्यावे लागते. सूचना न देणाऱ्याचा वाटा जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

ही 'वाट्या'ची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावे मागवतात, आणि त्या निधीचा खरा धनी कोणी निघाला नाही तर शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात तो वाटला जातो. आपसांत काही ठरलेले नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश, असे कायद्यात लिहिले आहे. वस्तू ऐतिहासिक महत्त्वाची असेल तर शासन ती स्वतःकडे घेऊ शकते आणि तेव्हा तिच्या मूळ द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश रक्कम वाढवून देते. थोडक्यात, कळवणाऱ्याचे नुकसान होत नाही, लपवणाऱ्याचे होते. जेसीबी चालवणाऱ्यापासून मुकादमापर्यंत सर्वांना ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी सांगितली पाहिजे, कारण वस्तू सर्वप्रथम त्यांच्याच नजरेस पडते.

आपल्याकडे याचे जुने आणि फार मोलाचे उदाहरण आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना ताम्रपट सापडले. ते शिलाहार राजा अरिकेसरीचे, शक ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चे दानपत्र होते. त्याचे वाचन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्याच खंडात छापले गेले. तेव्हा यातला एकही कायदा अस्तित्वात नव्हता. ज्याच्या हाती पत्रे लागले त्याने ते वितळवून टाकले नाहीत, एवढ्यावर हे सारे निभावले. आज घोडबंदर रस्त्यावर, भिवंडीच्या गोदामांखाली आणि पनवेलच्या बाजूला रोज किती खोदाई चालते, याचा विचार केला की तेव्हाच्या नशिबावर पुन्हा विसंबून चालणार नाही हे पटते.

तलावात सापडलेली मूर्ती गावकऱ्यांनी देवळात बसवली तर चालते का?

भावना समजण्यासारखी आहे, आणि ठाण्यासारख्या तलावांच्या शहरात हा प्रसंग अपवादाचा नाही. परंतु परस्पर प्रतिष्ठापना करणे हे वर सांगितलेल्या कायद्यात बसत नाही. आधी सूचना, पंचनामा आणि पुरातत्त्व खात्याची पाहणी व्हावी लागते. गावाने मूर्ती आपल्याकडेच राहावी असे लेखी म्हणणे मांडावे. तो निर्णय आपण स्वतः घेऊन मोकळे होऊ नये. मूर्ती घासणे, तेल किंवा शेंदूर लावणे, तुटलेला हात सिमेंटने जोडणे या गोष्टी तर त्या दरम्यान अजिबात करू नयेत. दगडाच्या रंध्रांत एकदा तेल गेले की ते परत निघत नाही आणि त्याखालची कोरीव रेष कायमची बुजते.

देऊळ संरक्षित झाले की पूजा बंद होते, ही भीतीही मनातून काढून टाकावी. अंबरनाथला गाभाऱ्यात नित्य पूजा होते आणि महाशिवरात्रीला लाखो लोक येतात. केंद्रीय कायद्याच्या कलम १६ मध्ये धार्मिक स्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत होऊ नये, एवढीच काळजी घेतलेली आहे.

संरक्षित स्मारकाजवळ बांधकामाला १०० आणि ३०० मीटरचे नियम आहेत, असे ऐकतो. ते नेमके काय आहेत?

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र असते. ३०० मीटर हा आकडा या बेरजेतून आलेला आहे. मोजमाप देवळाच्या भिंतीपासून न करता संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून करायचे असते. या एका मुद्द्यावर अनेक अर्ज अडकतात. हे पट्टे मूळ १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने आले आणि २०१० च्या दुरुस्तीने ते थेट कायद्याच्या कलम २०क व २०ख मध्ये गेले.

प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या किंवा त्यानंतर रीतसर परवानगीने बांधलेल्या घराची दुरुस्ती अथवा नूतनीकरण करायचे असल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. विनियमित क्षेत्रात बांधकाम आणि पुनर्बांधणी परवानगीने करता येते. सक्षम प्राधिकारी अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची आणि त्यानंतर एक महिन्यात निर्णय कळवायचा, अशी मुदत कायद्यात घालून दिलेली आहे. पालिकेची बांधकाम परवानगी हातात आहे म्हणून या परवानगीची गरज उरत नाही, हा समज महागात पडतो. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. स्मारकाची मोडतोड करणे किंवा त्यावरील शिल्प काढून नेणे यालाही तेवढीच शिक्षा आहे.

हे आपोआप लागू होणारे पट्टे केंद्र संरक्षित स्मारकांपुरते आहेत. राज्य संरक्षित स्मारकाभोवती काय मनाई आहे, हे त्याची अधिसूचना पाहून आणि संचालनालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

सरकारचेच काम असेल, म्हणजे रस्ता, पूल किंवा मेट्रो, तर सूट मिळते का?

प्रतिबंधित क्षेत्रात मिळत नाही. सार्वजनिक कामे किंवा लोकांना अत्यावश्यक असलेले प्रकल्प यांच्यासाठीदेखील परवानगी देऊ नये, असे कलम २०क मध्ये २०१० च्या दुरुस्तीने स्पष्टपणे लिहिले आहे. हा या कायद्याचा कणा आहे, असे मी मानतो, कारण सार्वजनिक जमिनीवरील वारशाला सर्वांत मोठा धोका विकासकामांचाच असतो आणि ती कामे बहुतेक वेळा शासनाचीच असतात. गटारांची बांधणी व सफाई, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजपुरवठा यांची कामे मात्र 'बांधकाम' या व्याख्येतून वगळलेली आहेत, त्यामुळे स्मारकाजवळ राहणाऱ्यांचे नळ आणि दिवे या कायद्यामुळे अडत नाहीत. नियमबाह्य बांधकामाकडे केंद्र शासनाच्या अधिकाऱ्याने डोळेझाक केली, तर त्यालाही तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

असंरक्षित स्थळावर मात्र ही भिंत नाही. तेथे पर्यावरण परवानगीच्या वेळी होणारी जनसुनावणी, विकास आराखड्यावरील हरकती आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका, एवढेच मार्ग उरतात. खाडीकिनाऱ्यावर आणखी एक आधार आहे: २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू आणि वारसास्थळे सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात धरलेली आहेत. बंदरे, धक्के आणि खाडीवरचे बुरूज यांच्याबाबत तो मुद्दा जरूर मांडावा.

महापालिकेच्या वारसा यादीचा उपयोग होतो का?

होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास आराखड्यात वारसा वास्तू आणि परिसर दाखवता येतात आणि त्यांना एक, दोन, तीन अशा श्रेणी दिल्या जातात. पुरातत्त्व खात्याची अधिसूचना निघायला वर्षे लागतात. त्या मानाने आराखड्याच्या वेळी योग्य मुदतीत दिलेली हरकत किंवा सूचना लवकर फळाला येते. जुन्या विहिरी, धर्मशाळा, घाट अशा ज्या गोष्टी राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरणार नाहीत पण शहराच्या आठवणीचा भाग आहेत, त्यांच्यासाठी हाच मार्ग बरा.

नवी मुंबई तर नवे शहर. तेथे जपण्यासारखे काय आहे?

शहर नवे आहे, जमीन जुनी आहे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसले. बेलापूर, दिवाळे, करावे, सानपाडा, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली ही नावे सेक्टरांच्या आधीची आहेत. बेलापूरचा किल्ला सर्वांना माहीत आहे आणि त्याच्या जतनाचे काम सिडकोने हाती घेतले. पण गावठाणातील गावदेवीच्या चौथऱ्यावर मांडलेले दगड, खाडीकाठचे जुने बांध, बुजत चाललेल्या विहिरी यांच्याकडे कोणी पाहत नाही. भूसंपादनाच्या वेळी झाडे, घरे आणि विहिरी मोजल्या गेल्या, मोबदल्यासाठी. देवाच्या दगडाला मोबदला नसल्याने तो कोणत्याही तक्त्यात आला नाही. म्हणून नवी मुंबईतील गावांत म्हाताऱ्या माणसांना विचारून केलेली नोंद मला सर्वांत तातडीची वाटते.

आमचा गट किल्ल्यावर श्रमदान करतो. त्याला परवानगी लागते का?

लागते. किल्ला केंद्र किंवा राज्य संरक्षित असेल तर त्या खात्याची आणि वनजमिनीवर असेल तर वन खात्याचीही. शहापूरजवळचा माहुली तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ देखील लागू होतो. प्लॅस्टिक गोळा करणे आणि वाटेवरचे गवत कापणे यात सहसा अडचण येत नाही. टाक्यातील गाळ काढणे मात्र वेगळे आहे, कारण त्या गाळातच खापरे, नाणी आणि तोफगोळे सापडण्याचा संभव असतो आणि तो उपसणे म्हणजे एक प्रकारचे उत्खनन ठरते. तटाच्या सांध्यांत सिमेंटचे दर्जे भरू नयेत. चुन्याच्या भिंतीतील पाणी बाहेर पडण्याची वाट सिमेंटने बंद होते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो. तटातून उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, कारण त्याच्या मुळांबरोबर चिरा निखळतो. ज्या संस्थांना दीर्घकाळ जबाबदारी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी राज्याची 'महाराष्ट्र वैभव' ही संगोपन योजना आहे.

मेटल डिटेक्टर, चित्रीकरण, भिंतींवर नावे लिहिणे यांविषयी काय?

संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे, उपकरण कोणतेही असो. चित्रीकरणासाठी आणि ड्रोनसाठी आधी परवानगी घ्यावी. भिंतीवर नाव कोरणे म्हणजे स्मारक विद्रूप करणे, आणि त्याची शिक्षा वर दिली आहे.

एखादे स्थळ संरक्षित करावे अशी मागणी कोणीही करू शकतो का?

कोणताही नागरिक, ग्रामपंचायत किंवा संस्था करू शकते. राज्यासाठी मुंबईतील पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि केंद्रासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे शीव किल्ल्यावरील मुंबई मंडळ कार्यालय, यांच्याकडे अर्ज द्यावा. आधी प्राथमिक अधिसूचना निघते आणि अंतिम अधिसूचना त्यानंतर येते. केंद्रीय कायद्यात मध्ये हरकतींसाठी दोन महिने असतात. ग्रामसभेचा ठराव जोडल्यास अर्जाला वजन येते. अर्जाचे पुढे काय झाले, हे माहिती अधिकाराखाली विचारता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

अर्जात किंवा तक्रारीत नेमके काय लिहावे?

गाव, तालुका, सर्व्हे नंबर किंवा गट क्रमांक आणि सातबारावर कोणाचे नाव आहे ते लिहावे. सातबारा ऑनलाइन मिळतो. न जमल्यास तलाठी कार्यालयात विचारावे. वस्तूची उंची, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये द्यावी आणि तोंड कोणत्या दिशेला आहे ते नमूद करावे. छायाचित्रे किमान तीन असावीत: एक मोजपट्टी शेजारी उभी धरून समोरून, एक लेख किंवा शिल्पाच्या तपशिलाचे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आणि एक लांबून, ज्यात देऊळ, विहीर, विजेचा खांब अशी न हलणारी खूण दिसेल. दुपारी डोक्यावरच्या उन्हात काढलेल्या फोटोत झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. गावात त्या दगडाला काय म्हणतात तेही लिहावे. अनेकदा त्या नावातच जुन्या गोष्टीचा धागा असतो. अर्जाची एक प्रत तहसीलदारांना, एक जमीन सांभाळणाऱ्या खात्याला आणि एक पुरातत्त्व खात्याला द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोचपावती घ्यावी.

गेल्या वर्षी भिवंडी तालुक्यात एका वीरगळाशेजारून पाण्याच्या पाइपसाठी चर खोदला जात होता. या वेळी आमच्याकडे तहसील कार्यालयाचा शिक्का असलेली, मोजमापे लिहिलेली प्रत होती. कामावरच्या सुपरवायझरने ती दोनदा वाचली, दगडाशी टेप धरून पाहिला आणि चराची दोरी चार फूट पलीकडे सरकवून घेतली. कायद्याचे एकही कलम आम्हाला त्याला सांगावे लागले नाही. वीरगळ आजही त्याच जागी, पूर्वेकडे तोंड करून उभा आहे.